जिभेचा जडपणा व बोलण्याचें धैर्य

अभ्यासासाठीं उतारे : निर्गम ३:११ ते ४:१७, ६:२८-३०, ३२:१-६, अनुवाद १:१-५, प्रेषितांचीं कृत्यें ७:२२.



आपल्या बहुतेक गांवीं असा एखादा तरी मनुष्य असतो कीं, ज्याचें बोलणें मध्येंच अडतें. काय सांगावयाचें तें त्याच्या मनांत स्पष्ट असतें, शब्दहि ओठांशीं आलेला असतो; परंतु पहिलें अक्षर सुटत नाहीं. कधीं तेंच अक्षर चार वेळां उमटतें, कधीं तें लांबत जातें, आणि कधीं तोंड उघडें राहून आवाजच निघत नाहीं. आपण त्यास तोतरा म्हणतों. पोरें त्याची नक्कल करितात. मोठीं माणसें त्याचें वाक्य आपणच पुरें करून टाकितात. आणि शास्त्रपाठ कोणीं वाचावा, प्रार्थना कोणीं चालवावी, असा प्रश्न निघाला म्हणजे त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. हळूहळू तोहि मागच्या भिंतीशीं बसूं लागतो, आणि पुढें पुढें येईनासा होतो.

असा मनुष्य गप्प राहिला म्हणजे त्याचें एकट्याचेंच नुकसान होतें असें नाहीं. त्याच्या मनांत जें होतें त्यास सर्व मंडळी मुकते. म्हणून ह्या पाठांत आपणांस तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे : हा जडपणा म्हणजे काय, ज्याला तो आहे त्यानें धैर्यानें कसें बोलावें, आणि बाकीच्यांनीं कसें ऐकावें.

१. मोशेची हरकत

मोशे होरेब डोंगरापाशीं सासऱ्याचीं मेंढरें चारीत असतां त्यास मिसरांत परत जाऊन फारोशीं बोलण्याची आज्ञा झाली. त्यानें एकामागून एक हरकती घेतल्या. आपण असे कोण कीं राजापुढें जावें? पाठविणाराचें नांव लोकांनीं विचारिलें तर काय सांगावें? त्यांनीं विश्वासच ठेविला नाहीं तर काय करावें? ह्या तिहींचीं उत्तरें मिळालीं, तेव्हां चौथ्या खेपेस त्यानें आपली खरी अडचण सांगितली. आपण बोलका मनुष्य नव्हे, आपलें तोंड जड व जीभहि जड, असें तो म्हणाला. ज्यांस अशा जडपणाचा अनुभव आहे त्यांस हा क्रम ओळखीचा वाटेल. जें मनाला सर्वांत अधिक बोचतें, तें मनुष्य दुसऱ्या सबबी संपल्यावरच सांगतो.

हा जडपणा नेमका कोणता होता हें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तो तोतरेपणाच असावा असें पुष्कळांनीं मानिलें आहे. दुसरे कित्येक म्हणतात कीं, मिद्यान देशांत बहुत वर्षें राहिल्यामुळें मिसरी भाषा त्याच्या जिभेवरून गेली होती. यहूदी लोकांच्या एका जुन्या कथेप्रमाणें त्यानें बाळपणीं जळता निखारा तोंडांत घातला व जीभ भाजून घेतली. ह्यांपैकीं कोणतेंहि मत धरिलें तरी पुढील चार गोष्टी अध्यायांत स्पष्ट आहेत.

पहिली गोष्ट : मोशेनें आपला जडपणा सांगितला तेव्हां त्यास दोष देण्यांत आला नाहीं. मनुष्याचें मुख कोणीं केलें, असा उलट प्रश्न त्यास विचारण्यांत आला. म्हणजे मुख करणाऱ्यास त्या मुखाचा जडपणा ठाऊक होता, आणि तो जाणूनच त्यानें त्या मनुष्यास निवडिलें होतें. राग आला तो त्यानंतर, दुसऱ्या कोणास तरी पाठीव असें मोशे म्हणाला तेव्हां. जीभ जड असल्याबद्दल तो राग नव्हता. जाण्याचें टाळल्याबद्दल होता.

दुसरी गोष्ट : मोशेची जीभ नंतर हलकी झाली असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. सहाव्या अध्यायांत तो तीच तक्रार पुन्हां करितो. तरीहि सातव्या अध्यायांत, वयाच्या ८० व्या वर्षीं, तो फारोपुढें उभा राहतो.

तिसरी गोष्ट : त्यास एक सोबती मिळाला. अहरोन हा चांगला बोलणारा होता. परंतु बत्तिसावा अध्याय उघडून पाहा. मोशे डोंगरावर गेलेला असतां लोकांनीं गलबला केला, तेव्हां हाच मोकळ्या जिभेचा अहरोन त्यांच्यापुढें नमला आणि त्यानें सोन्याचें वासरूं करून दिलें. त्या लोकांपुढें ठामपणें उभा राहिला तो जड जिभेचा मनुष्य. ह्यावरून वाणीचा ओघ निराळा आणि मनाचें धैर्य निराळें, हें आपण शिकावें.

चौथी गोष्ट मराठी वाचकांच्या लक्षांत सहज येत नाहीं, कारण ती मूळ इब्री भाषेंत आहे. मोशे आपण बोलका नव्हे असें म्हणतो, तेथें इब्रींत "शब्दांचा मनुष्य" अशा अर्थाची शब्दयोजना आहे, आणि "शब्द" ह्या अर्थीं तेथें "दबारीम" हा शब्द आलेला आहे. आपण ज्यास अनुवाद म्हणतों, त्या पुस्तकाचें इब्री नांव हेंच, म्हणजे "दबारीम" आहे. आणि तें बहुतेक सर्व मोशेच्या भाषणांनींच भरलेलें आहे. आपणांपाशीं शब्द नाहींत असें जो म्हणाला, त्याच्याच भाषणांचें पुस्तक "शब्द" ह्या नांवानें ओळखलें जातें. स्तेफनानेंहि त्याचें वर्णन करितांना तो भाषणांत समर्थ होता, असेंच म्हटलें.

२. तोतरेपणा म्हणजे काय

ह्या विषयीं लोकांत पुष्कळ चुकीच्या समजुती आहेत. म्हणून आज शास्त्रज्ञांस जें ठाऊक आहे तें थोडक्यांत सांगतों.

मूल दोन ते पांच वर्षांचें असतां, म्हणजे तें शब्दांस शब्द जोडून वाक्यें बोलूं लागतें त्या सुमारास, बहुधा हा जडपणा प्रथम दिसतो. शंभरांतील सुमारें पांच ते आठ मुलें कांहीं काळ अशीं अडखळतात. त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश मुलांचा जडपणा पुढें निघून जातो. मोठेपणीं शंभर माणसांत सुमारें एकाला तो राहतो, आणि त्यांत स्त्रियांपेक्षां पुरुष पुष्कळ अधिक, म्हणजे एका स्त्रीमागें सुमारें चार, असतात. ह्या हिशेबानें एकट्या भारतांतच अशीं माणसें कोटीच्या घरांत भरतील. आपल्या गांवांतील तो एक मनुष्य एकटा नाहीं, हें त्यास प्रथम सांगावें.

बोलणें आपणांस सोपें वाटतें. परंतु एक वाक्य बोलावयाचें म्हणजे छाती, कंठ, जबडा, जीभ व ओठ ह्यांच्या अनेक बारीक हालचाली अगदीं योग्य क्षणीं व्हाव्या लागतात. त्या हालचालींचा मेळ घालण्याचें काम मेंदूचें आहे. तोतरेपणांत हा मेळ क्षणभर चुकतो. नांगरास जुंपलेल्या दोन बैलांपैकीं एकाचें पाऊल किंचित् मागें राहिलें म्हणजे जूं आडवें होतें आणि नांगर थबकतो. बैल दुबळे आहेत असा त्याचा अर्थ होत नाहीं. तसेंच हें आहे. बुद्धीशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं. पुष्कळदां ही गोष्ट कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या उतरते. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं पाकिस्तानांतील कांहीं मोठ्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तोतरेपणाशीं संबंध असलेलीं जनुकें २०१० सालीं प्रथम दाखवून दिलीं.

तेव्हां हा आईबापांच्या पापाचा दंड नव्हे, करणी नव्हे, दृष्ट नव्हे आणि भित्रेपणाहि नव्हे. भीतीनें अडखळणें वाढतें हें खरें. परंतु भीति हें त्याचें मूळ नव्हे. जीभ जाड असल्यामुळेंहि तें होत नाहीं. बर्लिन शहरांतील डीफेनबाख नांवाच्या प्रसिद्ध शस्त्रवैद्यानें १८४१ सालीं तोतऱ्या माणसांच्या जिभेचा तुकडा कापून काढण्याचा उपाय केला. रोग्यांनीं भयंकर वेदना सोसल्या, आणि तो उपाय लौकरच टाकून द्यावा लागला; कारण दोष जिभेंत नव्हताच. आपल्याकडे वेखंड उगाळून मुलाच्या जिभेस लावितात, कोणी तोंडांत खडे धरावयास सांगतात. ह्यांनीं तोतरेपणा गेल्याचा कांहीं पुरावा नाहीं, आणि लहान मुलाच्या तोंडांतील खडा घशांत जाण्याचें भय मात्र आहे.

आणखी एक गोष्ट मंडळीच्या लोकांनीं अवश्य समजून घ्यावी. जो एकटा बोलतांना अडखळतो, तोच मनुष्य भजन गातांना बहुधा अडखळत नाहीं. सर्वांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणतांना अडखळत नाहीं. बैलांस हांक मारितांना किंवा तान्ह्या मुलाशीं बोलतांनाहि अडखळत नाहीं. हें पाहून लोक म्हणतात, "गातांना तर ह्याची जीभ चांगली चालते, मग बोलतांनाच काय होतें? सोंग करीत असेल." हें अन्यायाचें बोलणें आहे. गाण्याची चाल किंवा दुसऱ्यांचा आवाज कानीं असला म्हणजे मेंदूस तालाचा आधार मिळतो व मेळ चुकत नाहीं. एकट्यानें बोलतांना तो आधार सुटतो. लंगड्या मनुष्यास काठी घेऊन चालतां येतें, म्हणून त्याचें लंगडणें सोंग ठरत नाहीं.

३. लपविण्याचें ओझें

जें आपणांस ऐकूं येतें तें ह्या दुःखाचें लहानसें अंग आहे. जोसेफ शीहान नांवाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. ते स्वतःहि अडखळत असत. त्यांनीं तोतरेपणाला समुद्रांत तरंगणाऱ्या बर्फाच्या डोंगराची उपमा दिली आहे. त्या डोंगराचा थोडासाच भाग पाण्यावर दिसतो, बाकीचा सर्व खालीं असतो. तसें अडखळणें वर दिसतें. लाज, भीति आणि तोंड चुकविण्याच्या शेंकडों युक्त्या खालीं असतात.

ह्या युक्त्या कोणत्या, हें पाहा. दुकानांत गूळ मागावयाचा असतो, पण "गू" सुटणार नाहीं असें वाटून मनुष्य साखर मागतो व अधिक पैसे देतो. एस्. टी.च्या गाडींत उतरण्याच्या गांवाचें नांव निघत नाहीं, म्हणून पुढल्या थांब्याचें तिकीट काढितो आणि मागें चालत येतो. शाळेंत उत्तर येत असून मुलगा "ठाऊक नाहीं" म्हणतो व छडी किंवा शेरा पत्करतो. परंतु एक शब्द असा आहे कीं, जो कोणालाहि बदलतां येत नाहीं. तो म्हणजे स्वतःचें नांव. म्हणूनच पुष्कळ लोक आपल्या नांवावरच सर्वांत अधिक अडतात. मुलगी पाहावयास आलेले पाहुणे प्रथम तिचें नांव विचारतात. ती सुशील, कष्टाळू, शिकलेली असते; परंतु नांवाच्या पहिल्या अक्षरावर तिची जीभ थांबते आणि पाहुणे एकमेकांकडे पाहूं लागतात. त्या क्षणीं काय पणास लागलेलें असतें, हें तिच्या आईस विचारावें.

चार्लस् व्हॅन रायपर ह्यांचें चरित्र येथें सांगण्याजोगें आहे. ते १९०५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतीं जन्मले. त्यांचा तोतरेपणा फार मोठा होता. उच्च शिक्षण होऊनहि तरुणपणीं त्यांनीं एका शेतावर मजुरी धरिली, आणि बोलावें लागूं नये म्हणून आपण बहिरे व मुके आहों असें सोंग केलें. शब्दाला भिऊन त्यांनीं सर्वच शब्द टाकून दिले. ह्याहून मोठें ओझें कोणतें असेल?

पुढें एकदां वाटेनें जात असतां एका वृद्ध गृहस्थानें त्यांस आपल्या मोटारींत घेतलें. बोलतांना ते अडखळूं लागले, तेव्हां तो म्हातारा हंसला. त्यांस फार राग आला. परंतु म्हाताऱ्यानें सांगितलें कीं, तोहि जन्मभर अडखळत आलेला होता. आतां आपल्याशींच भांडण्याची ताकद उरली नसल्यामुळें तो शब्दांस हळूच बाहेर येऊं देत असे. ही गोष्ट व्हॅन रायपर ह्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. त्यावरून त्यांस असें दिसून आलें कीं, आपण आजवर न अडखळण्यासाठीं धडपडत होतों, आणि त्या धडपडीनेंच गांठ अधिक घट्ट होत होती. अडखळावयाचेंच, तर तें न झगडतां, मोकळेपणानें कां अडखळूं नये?

त्यांनीं ह्या विषयाचा जन्मभर अभ्यास केला, १९३६ सालीं कॅलमझू शहरीं वाचेच्या दोषांसाठीं उपचारगृह काढिलें, आणि अनेक ग्रंथ लिहिले. ते १९९४ सालीं वारले. त्यांचा स्वतःचा तोतरेपणा मुळींच नाहींसा झाला नाहीं; पण त्यानें पुढें त्यांचें तोंड बंद केलें नाहीं. जगांतील वाचा-उपचारतज्ज्ञ त्यांची शिकवण आजहि वापरितात.

ह्या पाठाचें मुख्य वचन हेंच समजावें : धैर्यानें बोलणें म्हणजे न अडखळतां बोलणें नव्हे, जें सांगावयाचें तें अडखळत कां होईना, पण सांगून पुरें करणें होय.

४. एका राजाचें उदाहरण

हा जडपणा गरीब व अडाणी लोकांसच असतो, अशी कोणाची समजूत असेल तर सहाव्या जॉर्ज राजाची हकीकत ऐकावी. तो लहानपणापासून अडखळत असे. राजा होण्यापूर्वीं, १९२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, लंडनजवळ वेंब्ली येथील मोठ्या प्रदर्शनाच्या समाप्तीस त्यास भाषण करावें लागलें. तें त्यास व ऐकणारांसहि फार जड गेलें. पुढील वर्षीं तो लायोनेल लोग ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाकडे जाऊं लागला. लोग हे पदवीधर वैद्य नव्हते. पण पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या, वाचेस इजा झालेल्या शिपायांस त्यांनीं बोलावयास शिकविलें होतें. त्यांनीं राजपुत्रास श्वासाचे व आवाजाचे व्यायाम दिले, भाषणाच्या कागदावर थांबण्याच्या जागा खुणांनीं दाखविल्या, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागून त्याची आशा जिवंत ठेविली.

१९३६ च्या डिसेंबरांत वडील भावानें गादी सोडल्यामुळें हाच मनुष्य राजा झाला. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटन दुसऱ्या महायुद्धांत उतरलें, त्या संध्याकाळीं त्यास रेडिओवरून सर्व साम्राज्याशीं बोलावें लागलें. त्या भाषणाचा ध्वनिलेख आजहि ऐकावयास मिळतो. त्यांत तो सावकाश बोलतो, वारंवार थांबतो, कांहीं शब्दांपूर्वीं त्याचे कष्ट कळून येतात. परंतु तो भाषण शेवटास नेतो. लोकांनीं त्याचे थांबे मोजले नाहींत; त्याचें बोलणें ऐकलें. १९५२ सालीं तो वारला तोंवर त्याचा जडपणा कमी झाला होता, पण पूर्णपणें गेला नव्हता.

५. आईबाप व शिक्षक ह्यांस सूचना

अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत १९३९ सालीं एक प्रयोग झाला. त्यांत अनाथालयांतील २२ मुलें घेतलीं होतीं. त्यांपैकीं सहा मुलें नीट बोलणारीं असूनहि, तुमचें बोलणें बिघडलेलें आहे, नीट बोलतां येत नसेल तर बोलूंच नका, असें त्यांस वारंवार सांगण्यांत आलें. तीं तोतरीं झालीं नाहींत. परंतु तीं बोलण्यास कचरूं लागलीं, लाजूं लागलीं, गप्प बसूं लागलीं. त्या विद्यापीठानें २००१ सालीं ह्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. आईबापांच्या बोलण्यानें तोतरेपणा जन्मत नाहीं, म्हणून आईनें आपणांस दोष लावून घेऊं नये. परंतु मुलास आपल्या बोलण्याची लाज वाटावी कीं न वाटावी, हें पुष्कळ अंशीं मोठ्यांच्या हातीं आहे.

म्हणून मूल अडखळलें तर "हळू बोल", "श्वास घे", "पुन्हां नीट सांग" असें म्हणूं नये. आपणच सावकाश बोलावें. मुलाचें बोलणें संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्यावें. त्याचा शब्द आपण पुरा करूं नये. कसें बोललें ह्याकडे लक्ष न देतां काय बोललें त्यास उत्तर द्यावें. दिवसांतून थोडा वेळ तरी दुसरें काम बाजूस ठेवून त्याचें ऐकावें. शाळेंत नक्कल करणाऱ्या मुलांस शिक्षकानें तेथल्या तेथें आवरावें.

अडखळणें सहा महिन्यांहून अधिक टिकलें, किंवा बोलतांना मुलाचे डोळे मिटूं लागले, मान ताठूं लागली, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावें. मुंबईस वांद्रें येथें अली यावर जंग ह्यांच्या नांवानें १९८३ सालीं स्थापिलेली राष्ट्रीय संस्था आहे. म्हैसूर येथें १९६५ सालीं स्थापिलेली वाचा व श्रवण ह्यांची अखिल भारतीय संस्था आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतहि चौकशी करावी. मात्र मोठ्या वयाच्या मनुष्याची वाचा एकाएकीं अडली, तोंड वांकडें झालें किंवा हातपाय लुळा पडला, तर तो तोतरेपणा न समजतां त्याच घटकेस रुग्णालयांत न्यावें.

६. जो अडखळतो त्यास सूचना

प्रिय बंधो, प्रिय भगिनी, पुढील गोष्टी एकदम न करितां एकएक करून पाहा.

(अ) प्रथम सांगून टाका. नव्या मनुष्याशीं बोलतांना आरंभींच म्हणा, "मी बोलतांना अडखळतों, थोडा वेळ द्या." हें एक वाक्य म्हटलें म्हणजे लपविण्यासारखें कांहीं उरत नाहीं, आणि निम्मी भीति तेथेंच जाते.

(आ) शब्द बदलूं नका. गूळ पाहिजे असेल तर गूळच मागा. चुकविलेला शब्द दुसऱ्या दिवशीं अधिक मोठा होऊन पुढें उभा राहतो.

(इ) अडल्यावर जोर करूं नका. पाय आपटणें, मांडीवर थाप मारणें, मान झटकणें, ह्यांनीं प्रथम कांहीं दिवस शब्द सुटतो. मग ती युक्ति चालेनाशी होते आणि झटका मात्र अंगीं राहतो. ओढलेली गांठ घट्टच होते. अडल्या ठिकाणींच ओठ व जीभ सैल सोडा, आणि अक्षर हळूच पुढें सरकूं द्या.

(ई) शब्द फार अडून सुटला, तर क्षणभर थांबा आणि तोच शब्द पुन्हां सावकाश, सैलपणें म्हणा. ह्यानें जीभ मोकळी वाट शिकते.

(उ) ऐकणाराच्या तोंडाकडे पाहा. आपण डोळे खालीं घातले म्हणजे तोहि संकोचतो.

(ऊ) पायरीपायरीनें चढा. एकांतांत मोठ्यानें वाचा, मग घरांतील एकापुढें, मग दोघांतिघांपुढें, मग मंडळींत दोन वचनें वाचा. कांहीं दिवस चांगले जातील, कांहीं वाईट जातील. वाईट दिवस आला म्हणून मागें फिरूं नका. जडपणाचा स्वभावच असा आहे.

७. मंडळीनें कसें ऐकावें

बोलणें हें दोघांचें काम आहे. अर्धें बोलणाराचें व अर्धें ऐकणाराचें. ऐकणारानें घाई केली म्हणजे अडखळणाराचें ओझें दुप्पट होतें. तो थांबला तर आपणहि थांबावें. त्याच्याकडे सहज मुद्रेनें पाहावें. हंसूं नये, खालीं पाहूं नये आणि शब्द पुरवूं नये. चार क्षण अधिक लागले तर उपासनेचें कांहीं बिघडत नाहीं.

उपदेशकांनीं अशा मनुष्यास वगळूं नये, आणि न विचारितां एकाएकीं उभेंहि करूं नये. आधीं एकांतीं विचारावें. तो भीत असेल तर दुसऱ्यानें त्याच्या शेजारीं उभें राहून तोच पाठ त्याच्याबरोबर मोठ्यानें वाचावा. दोन आवाज मिळाले म्हणजे त्याची जीभ बहुधा मोकळी चालते, हें आपण वर पाहिलें. पुढल्या खेपेस सोबत्यानें आपला आवाज कमी करावा, आणि मग केवळ शेजारीं उभें राहावें. लग्नाच्या वेळीं वरास किंवा वधूस वचन उच्चारण्याचें भय वाटत असेल, तर पाळकानें एकेक वाक्य सांगून थांबण्याऐवजीं तें त्यांच्याबरोबरच म्हणावें. असें केल्यानें त्या दिवसाच्या आनंदावर भीतीची छाया पडणार नाहीं.

अहरोनाचें खरें काम हेंच होतें. सोबत्यानें बाजूस उभें राहावें. जागा घेऊं नये. कारण ज्याच्या तोंडचे शब्द आपण दयेनें हिरावून घेतों, तो आपल्या दयेमुळेंच मुका होतो. आणि कोण जाणे, आज जो मागच्या भिंतीशीं बसला आहे, त्याच्यापाशींच आपल्या गांवास हवा असलेला शब्द असेल.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. मोशेनें आपला जडपणा चौथ्या हरकतींत कां सांगितला असावा?
२. राग कशाबद्दल आला, आणि कशाबद्दल आला नाहीं?
३. अहरोन व मोशे ह्यांच्या स्वभावांत बत्तिसाव्या अध्यायावरून कोणता फरक दिसतो?
४. जो गातांना अडखळत नाहीं, पण बोलतांना अडखळतो, तो सोंग करितो असें म्हणणारास तुम्ही काय उत्तर द्याल?
५. तुमच्या मंडळींत असा कोणी आहे काय? येत्या रविवारीं त्याच्यासाठीं तुम्ही कोणती एक गोष्ट कराल?